तीन पत्ती येते, पण पोकरमध्ये कुणाचा हात मोठा?

गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची दुपार. अमळनेरजवळचं आमचं गाव. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस पोटात गेल्यावर कुणाची उठायची ताकद नसते, आणि बाहेर ऊन असं की ओट्यावर पाय टेकवत नाही. मग मधल्या घरात कूलरसमोर सतरंजी पडते आणि पत्ते निघतात. आखाजी आणि पत्ते हे नातं खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. माहेरवाशिणी झोक्यावर, गडीमाणसं पत्त्यांवर. आमच्या घरी मात्र वहिनीही पत्त्यांवरच असतात.

दरवर्षी तीन पत्ती असते. यंदा नाशिकला शिकणारा पुतण्या म्हणाला, पोकर खेळू. पत्तेच तर आहेत, म्हणून नियम नीट न ऐकताच सगळे बसले. तिसऱ्या-चौथ्या डावातच भांडण झालं. सतरंजीच्या मधोमध सगळ्यांची सामाईक पाच पानं उघडी होती: बदाम नव्वी, इस्पिक दश्शी, बदाम गुलाम, किलवर दुर्री, बदाम राणी. वहिनींनी आपली दोन पानं टाकली, इस्पिक राणी आणि चौकट राणी. "तीन राण्या, भाऊजी. ट्रेल आहे ट्रेल." आबांनी किलवर राजा आणि चौकट अठ्ठी टाकली, म्हणजे नव्वीपासून राजापर्यंत सरळ ओळ. पुतण्याकडे बदाम एक्का आणि बदाम चव्वी, म्हणजे पाच बदाम. चिंचोक्यांच्या ढिगावर तिघांचेही हात एकदम पडले.

आबांचं म्हणणं साधं होतं. "कलर रोनले कसा मारी?" म्हणजे, एकाच प्रकारची पानं ओळीला कशी मारतील?

तीन पत्तीच्या हिशेबाने वहिनी पहिल्या, आबा दुसरे, पुतण्या तिसरा. पोकरच्या हिशेबाने पुतण्या पहिला, आबा दुसरे, वहिनी तिसऱ्या. क्रम तंतोतंत उलटा! ज्याला तीन पत्ती मुळीच येत नाही तो पोकर लवकर शिकतो. अडतो तो आपल्यासारखा, ज्याच्या डोक्यात लहानपणापासून दुसरा क्रम पक्का बसलेला आहे. हा लेख अशा माणसासाठी आहे.

गठ्ठा आधी नीट करा

रमीच्या गठ्ठ्यातले जोकर काढून ठेवा. ५२ पानं मोजा. आखाजीत वापरलेल्या गठ्ठ्यातलं एखादं पान हमखास कूलरखाली सापडतं, त्यामुळे हे मोजणं थट्टेवारी नेऊ नका.

दुर्री सगळ्यात हलकी. मग तिर्री, चव्वी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, राजा, आणि सगळ्यात वर एक्का. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या चौघांत लहानमोठं कुणी नाही. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हुकुमाची सवय असते, आणि काही घरांत तीन पत्तीतही बरोबरी झाली की इस्पिकवाल्याला जिंकवतात. नेहमीच्या पोकरमध्ये हात ठरवताना ते चालत नाही. दोघांचे हात सारखे निघाले तर मधला ढीग अर्धा-अर्धा.

आणखी एक शब्द स्पष्ट करतो. आपण हात म्हणतो तो मेंढीकोटातला, चार पानांचा उचललेला. पोकरमध्ये हात म्हणजे पाच पानांचा संच. नेहमी पाचच. हातात दोन पानं असोत की समोर सात दिसत असोत, तुलना फक्त पाचांची होते. सहावं पान कितीही देखणं असलं तरी ते नाहीच असं धरायचं.

पैशाबद्दल एकदाच बोलतो. आम्ही चिंचोके लावतो, माणशी ५०. पैशाचा डाव लावला की १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, आणि ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली. चिंचोक्यांवरसुद्धा माणसं तेवढीच भांडतात, हा आमचा अनुभव.

खालून वर चढा

बहुतेक ठिकाणी यादी वरून, रॉयल फ्लशपासून सुरू करतात. मला ते पटत नाही. जो हात आयुष्यात कदाचित दिसणारही नाही तो आधी पाठ करायचा आणि रोजचा शेवटी? पाच पानं वाटली की निम्म्या वेळा काहीच बनत नाही, तिथून सुरुवात करू.

काहीच बनलं नाही तर हाय कार्ड. आपण टॉप म्हणतो तेच. सगळ्यात मोठं पान बघायचं, ते सारखं असेल तर त्याच्या खालचं, मग त्याच्या खालचं.

त्यावर पेअर, म्हणजे जोडी. इथे थोडं थांबा, कारण नव्या माणसाचे चिंचोके सगळ्यात जास्त इथेच जातात. समजा, दोघांकडे राजाची जोडी आहे. एकाची बाकी तीन पानं एक्का, सत्ती, तिर्री. दुसऱ्याची राणी, गुलाम, दश्शी. बघताक्षणी दुसऱ्याचा हात भरलेला वाटतो, सगळी चित्रंच चित्रं. पण जिंकतो पहिला. उरलेल्या पानांची बेरीज करायची नसते, मोठ्या पानाला मोठं पान लावून एकेक तपासायचं असतं. एक्का राणीच्या वर आहे, निकाल तिथेच लागला. या बाजूच्या पानाला किकर म्हणतात. माझा पुतण्या त्याला 'टेकू' म्हणतो आणि मला तो शब्द आवडला.

मग टू पेअर, दोन जोड्या. यात मोठी जोडी बोलते. एक्क्याची आणि दुर्रीची जोडी असेल तर ती राजा-राणीच्या जोड्यांना मारते. मोठी जोडी सारखी निघाली तर धाकटी बघा, तीही सारखी असेल तर टेकू.

त्याच्या वर थ्री ऑफ अ काइंड, एकाच किमतीची तीन पानं. वहिनींच्या तीन राण्या इथे बसतात. तीन पत्तीत हा कळस, ट्रेल. इथे जिन्याची चौथी पायरी. वर अजून सहा आहेत.

पुढची स्ट्रेट. पाच पानं ओळीने, रंग कुठलेही. आपली रोनच, फक्त पाच पानांची. इथे दुसरा खड्डा आहे. तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्री म्हणजे मोठी रोन, बहुतेक घरांत एक्का-राजा-राणीच्या खालोखाल, काही घरांत तर तिच्याही वर. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी ही सगळ्यात लहान स्ट्रेट आहे. एक्का तिथे एकच्या भावाने बसतो, आणि हात पंजीचा धरतात. दुर्री ते छक्कीची साधी ओळसुद्धा तिला मारते. आणि राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री अशी वळसा घालून ओळ होतच नाही. एक्का एकतर माथ्यावर, नाहीतर पायथ्याशी, मधे नाही.

स्ट्रेटच्या वर फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं. लाल-काळा रंग नव्हे, एकाच प्रकारची: पाच बदाम किंवा पाच किलवर. दोन फ्लश समोरासमोर आले तर मोठ्या पानापासून उतरत तपासायचं.

मग फुल हाऊस, तीन आणि दोन. तुलना आधी तिघांची. तीन नव्व्या आणि दोन दुर्र्या या तीन अठ्ठ्या आणि दोन एक्क्यांना मारतात. एक्के बघून दबून जाऊ नका, ते तिथे केवळ सोबतीला आहेत.

वरच्या तीन झटपट. चारही पानं एकाच किमतीची म्हणजे फोर ऑफ अ काइंड. एकाच प्रकारची पाच पानं ओळीने म्हणजे स्ट्रेट फ्लश, आपली पक्की रोन. आणि तीच दश्शीपासून एक्क्यापर्यंत असली तर रॉयल फ्लश. पाच पानांच्या वाटपात ही ६,४९,७४० हातांत एकदा येते. रोज १०० हात वाटत बसलात तर सरासरीने साधारण १८ वर्षांत एकदा. पाठ करायची घाई नाही.

पण कलर रोनला का मारतो?

आबांचा प्रश्न खरा होता, आणि 'नियमच तसा आहे' म्हणून त्यांना गप्प करणं मला पटेना. वहीचा कागद घेतला आणि मोजायला बसलो.

तत्त्व एकच: जो हात कमी वेळा येतो तो मोठा. सराफ बाजारात सोनं महाग आणि पितळ स्वस्त, इतकंच. मग आधी तीन पानांचं मोजू. रोन लागणाऱ्या ओळी १२ आहेत, एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत. ओळीतलं प्रत्येक पान चारांपैकी कुठल्याही प्रकारचं असू शकतं, म्हणून १२ × ४ × ४ × ४ = ७६८. त्यातल्या एकाच प्रकारच्या ४८ पक्क्या रोन वजा करा, उरल्या ७२०. कलर: एका प्रकारच्या १३ पानांतून तीन निवडायचे २८६ मार्ग, चार प्रकार म्हणून १,१४४, त्यातून त्याच ४८ वजा, उरले १,०९६. तीन पानांत रोन दुर्मीळ, कलर सोपा. आबा बरोबर.

आता पाच पानं घ्या. ओळी १०. प्रत्येक पानाला चार पर्याय, आता पाच वेळा: १० × १,०२४ = १०,२४०, त्यातल्या एकाच प्रकारच्या ४० काढल्या की १०,२००. फ्लश: १३ पानांतून पाच निवडायचे १,२८७ मार्ग, चारने गुणून ५,१४८, तेच ४० वजा, ५,१०८. कलर जवळपास निम्म्यावर आला! ओळीत प्रत्येक नवं पान चारपट मोकळीक देतं, आणि कलरला मात्र प्रत्येक नवं पान त्याच प्रकारचं पडावं लागतं. पानं वाढली तशी बाजू उलटली.

वहिनींच्या तीन राण्यांचंही तसंच. तीन पानांच्या २२,१०० शक्य हातांत ट्रेल ५२, म्हणजे सुमारे ४२५ मध्ये एकदा. पाच पानांच्या २५,९८,९६० हातांत थ्री ऑफ अ काइंड ५४,९१२, सुमारे ४७ मध्ये एकदा. पितळ नाही, पण सोनंही राहिलं नाही.

बाकीचे आकडे याच कागदावर लिहून तो मी कूलरला चिकटवला: हाय कार्ड १३,०२,५४०, पेअर १०,९८,२४०, टू पेअर १,२३,५५२, फुल हाऊस ३,७४४, फोर ऑफ अ काइंड ६२४, स्ट्रेट फ्लश ३६, रॉयल ४. क्रम विसरलात तर हे आकडेच क्रम सांगतात.

मोजता मोजता एक गंमत हाती लागली. आपली तीन पत्ती स्वतःच हा नियम पाळत नाही. पक्क्या रोन ४८, ट्रेल ५२, म्हणजे दुर्मीळ पक्की रोन, तरीही आपण ट्रेल वर ठेवतो. तीन पत्तीचं मूळ इंग्रजांच्या ब्रॅग या खेळात मानतात, तिथेही तीन सारखी पानं वरच असतात. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, हिशेब तुझ्याजवळ ठेव, आखाजीला ट्रेलच मोठी.

पोकरचा क्रमही एका दिवसात ठरलेला नाही. १९व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या बाजूला, हा खेळ २० पानांनी खेळत. दश्शीपासून एक्क्यापर्यंतच पानं. ५२ पानं आली, मग फ्लश आणि स्ट्रेट त्यात बसल्या.

सात पानांतून पाच उचलायची

आज बहुतेक जण खेळतात तो प्रकार टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन बंद पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच उघडी. तुमची दोन्ही वापरा, एक वापरा, एकही वापरू नका, सातांतून सगळ्यात चांगली पाच निवडा.

सोपं वाटतं. हे उदाहरण सोडवा. तुमच्या हातात राजा आणि सत्ती. मधे राजा, सत्ती, नव्वी, नव्वी, एक्का, आणि फ्लशची शक्यता नाही. नवा माणूस खूश होतो: राजाची जोडी, सत्तीची जोडी, नव्वीची जोडी. पण तीन जोड्यांचा हातच नसतो. पाच पानं म्हणजे राजा-राजा, नव्वी-नव्वी आणि टेकूला एक्का. तुमची सत्ती बाहेर. आता समोरच्याकडे राजा आणि तिर्री असली तर? त्याचेही राजा-राजा, नव्वी-नव्वी, एक्का. बरोबरी. ढीग अर्धा-अर्धा. तीन पत्तीत बरोबरी झाली की शो मागणारा हरतो, तशी सोय इथे नाही.

मधली पानं बघायची माझी एक सवय सांगतो. सगळ्यात आधी प्रकार मोजा. मधे एकाच प्रकारची तीन असतील तर कुणाकडे तरी फ्लश असू शकतो, दोनच असतील तर विषय संपला. मग जोडी बघा. मधे जोडी नसेल तर फुल हाऊस किंवा चार सारखी पानं कुणाकडेच नाहीत, हे नक्की. मग ओळ. एवढं झाल्यावर आपल्या हाताकडे वळा. उलट केलं की आपल्याच पानांच्या प्रेमात पडतो माणूस.

सात पानांत एक विचित्र गोष्ट होते. काहीच न बनणं जोडीपेक्षा दुर्मीळ होतं: सुमारे १७ टक्के वेळा हाय कार्ड, आणि सुमारे ४४ टक्के वेळा एक जोडी. तरी क्रम पाच पानांच्या मोजणीचाच चालतो. नाहीतर जोडी आलेला माणूस ती मुद्दाम लपवत बसला असता.

एका संध्याकाळचा अभ्यास

गठ्ठा पिसा आणि पाच-पाच पानांचे दहा ढीग सतरंजीवर उघडे वाटा. दोन पानं उरतील. आता दहाही ढिगांना नाव द्या आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावा. साधारण पाच ढिगांत काही नसेल, चारांत जोडी असेल. दोन फेऱ्यांत एखादी टू पेअर, पाचेक फेऱ्यांत एखादी थ्री ऑफ अ काइंड. आम्ही वीस फेऱ्या केल्या. स्ट्रेट एक आली, फ्लश एकही नाही, आणि तोपर्यंत चहा दोनदा झाला.

खरी मेहनत नाव देण्यात नसते, नऊ बिननावाचे किंवा जोडीवाले ढीग एकमेकांत लावण्यात असते. दोन ढिगांत दश्शीची जोडी निघाली की टेकू आपोआप शिकून होतो. दहावीत शिकणाऱ्या पुतणीला हे अर्ध्या तासात जमलं. मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण मी घाईत चित्रं मोजायचो.

कूलर चालू असेल तर ढिगांवर एकेक चिंचोका ठेवा. नाहीतर फेरी फुकट जाते.

शेवटी पानं उघडी टाका

डाव संपला, दोघं-तिघं उरले, की आपली पानं तोंडी सांगू नका. सतरंजीवर उघडी ठेवा. तुम्ही हाताचं नाव चुकीचं घेतलं तरी चालतं, पानं जे असतील तेच धरतात. पण एकदा पालथी टाकून गठ्ठ्यात मिसळली की तो हात मेला. मग तुमच्याकडे काय होतं याला किंमत नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी रात्री मधे होती छक्की, सत्ती, एक्का, एक्का, नव्वी, आणि तीन पानं एकाच प्रकारची नव्हती. ढीग चांगला सव्वाशे चिंचोक्यांचा. वहिनींनी एक्का आणि राजा टाकले आणि म्हणाल्या, "तीन एक्के." आबांनी एक क्षण बघितलं, तोंड वाकडं केलं, आणि आपली दोन पानं पालथी करून गठ्ठ्यावर टाकली. तीन एक्क्यांपुढे कोण उघडतं?

पिसायला गठ्ठा पुतण्याने उचलला. वरची दोन पानं त्याने सवयीने उलटून बघितली. बदाम अठ्ठी, इस्पिक दश्शी. तो गप्पच झाला, मग हळूच म्हणाला, "आबा, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी."

आबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, पानं बघितली. "आते?"

वहिनींनी तोवर चिंचोके पदरात घेऊन गाठ मारली होती.